आवतन

पोळ्याचं आवतन आदल्या संध्याकाळी द्यायचं असतं, आणि ते कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जाऊन द्यायचं असतं. दिवेलागणीला बाबा हातपाय धुऊन यायचे. आई पितळेच्या वाटीत कोमट तूप आणि हळद कालवून द्यायची. पळसाचं पान त्या तुपात बुडवायचं आणि बैलाच्या मानेवर, नेमकं जिथे जू टेकतं तिथे ठेवून तळहातानं दाबायचं. पान निवलं की पुन्हा बुडवायचं, पुन्हा दाबायचं. याला आमच्याकडे खांद शेकणं म्हणतात. दोन्ही बैलांचं शेकून झालं की बाबा दोन पावलं मागे सरायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाबा देवळात फारसे जात नाहीत. कोणापुढे वाकतही नाहीत. वर्षातून एकदा कुटारानं भरलेल्या गव्हाणीपुढे त्यांचे हात जोडलेले मी पाहत आले. लहान असताना कंदील धरायचं काम माझ्याकडे असे. पुढे कोठ्यात बल्ब आला तरी त्या संध्याकाळी मी कंदील घेऊनच उभी राहायची.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. हा गवळाऊ जनावरांचा मुलूख. पांढरीशुभ्र, अंगानं हलकी, लांबट तोंडाची आणि चालायला चपळ अशी ही जात. आमची जोडी गवळाऊच होती, बोंड्या आणि हरण्या. फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखा पांढरा तो बोंड्या, आणि मानेवर करडी झाक असलेला, जरा बुजरा तो हरण्या. नावं आजीनं ठेवलेली.

खांद शेकायची ती जागा का, हे मला नर्सिंग शिकल्यावर नीट कळलं. मृगाचा पाऊस पडला की तिफण चालते. मग पराटी, म्हणजे कपाशी, वीतभर झाली की डवरणी सुरू होते. पिकाच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधून डवरा चालवायचा, तण मोडायचं, माती भुसभुशीत करायची, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. नांगरटीला आता गावोगाव ट्रॅक्टर आहे, पण उभ्या पराटीत डवरायला पुष्कळांना अजून बैलच लागतो. पावसानं मान ओली, त्यावर लाकडाचं जू, जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असला तर एकाच बाजूला जास्त भार. कातडी सोलवटते, मान सुजते. जनावरांचे डॉक्टर तिला खांदेसूज म्हणतात. श्रावण सरता सरता पराटी दाटून येते, तासांतून डवरा जाईनासा होतो, आणि बैल पहिल्यांदा मोकळा होतो. नेमकी त्याच वेळी पिठोरी अमावास्या येते. सुजलेल्या मानेला हळद आणि तूप मिळायची ती वेळ आहे. ज्यांनी हा सण पंचांगात त्या जागी बसवला त्यांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवून पाहिलेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसऱ्या दिवशीचं काय सांगू! सकाळी नाल्यावर जोड्या धुवायला गर्दी. मग शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, कपाळाला मथाटी, गळ्यात घुंगरमाळा आणि कवड्यांची माळ, पाठीवर आरशांची झूल. वेसण नवी, कासरा नवा. गड्याला नवे कपडे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नाही, कोणी तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोचणीची काठी, उचलत नाही. दुपार कलली की सगळ्या जोड्या आखरावर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभ्या राहतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, सुरू होतात. एक जण झडती म्हणतो, दुसरा त्याला तोडीस तोड उत्तर देतो, आणि प्रत्येकीच्या शेवटी सगळं गाव "हर बोला हर हर महादेव" म्हणून ओरडतं. नापिकी, भाव, सावकार, सरकार, सगळं त्या झडत्यांमध्ये येऊन जातं. मग मानकरी तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. धूळ, घुंगरं, पोट्ट्यांची आरडाओरड. जोड्या घरोघर जातात. दारात बाया बैलांचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणाची पोळी त्यांच्या तोंडात देतात आणि बैल धरून आणणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवतात. आमच्या घरी बैलांचं झाल्याशिवाय कोणाचं पान वाढलं जात नसे. भुकेनं पोटात कावळे ओरडत असायचे, पण आजीपुढे कोणाची छाती होती?

दारांना लावलेल्या पळसाच्या मेढ्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गावाबाहेर नेऊन टाकायच्या. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत. नागपूरच्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे आता सगळ्यांना ठाऊक आहेत, आमच्याकडे ती खेड्यातली, चार पोरांची आणि पळसाच्या फांद्यांची. त्याच दिवशी तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी नंदी ओढत लहान मुलं तोरणाखाली जातात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी ही रीत मुलांसाठी सुरू केली असं सांगतात. माझा नंदी आजोबांनी सुताराकडून करून आणला होता, सागाचा.

२०२२ च्या जानेवारीत मी जर्मनीत आले. नागपूरला राहून भाषा शिकले, परीक्षा दिली आणि दक्षिणेकडच्या आल्गॉय भागातल्या केम्पटन शहरात म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात नर्स म्हणून रुजू झाले. पहिल्या वर्षीचा पोळा कधी आला आणि गेला ते मला कळलंच नाही. ऑगस्टअखेरचा कुठला तरी कामाचा दिवस होता. रात्री वहिनीनं पाठवलेले फोटो पाहिले तेव्हा समजलं. फोन हातात धरून मी कितीतरी वेळ पलंगावर बसून राहिले होते. सण चुकला याहूनही, दिवसभरात मला एकदाही त्याची आठवण झाली नाही, हे मला लागलं.

गणपतीचं तसं होत नाही. म्युनिकला मराठी माणसं गणपती बसवतात, दिवाळीला फराळ करतात. कोणी ना कोणी बोलावतं, साडी नेसून जाता येतं. पोळ्याला तशी सोय नाही. हॉल भाड्यानं घेऊन तो साजरा करता येत नाही. ज्याच्या जिवावर वर्षभर खाल्लं तो पुढ्यात उभा असावा लागतो, तरच तो सण. पुरणपोळी कुठेही होते. पाय धुवायला बैल कुठून आणणार?

आमच्या मजल्यावर एक आजी होत्या. नव्वदी ओलांडलेल्या, जन्मभर शेती केलेल्या. त्या आल्गॉयची बोली बोलायच्या. मी शिकलेल्या पुस्तकी जर्मनपासून ती इतकी दूर, की पहिले दोन महिने मला त्यांचं निम्मंच कळे. आपली वऱ्हाडी पहिल्यांदा ऐकणाऱ्या पुण्याच्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. पण त्यामुळेच मला त्या जवळच्या वाटायला लागल्या. आपल्या घरची भाषा बाहेर चालत नाही म्हणून तिला मुरड घालणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

त्यांचा उजवा खांदा गेलेला होता. हात वर होत नसे. रोज सकाळी डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम त्यावर चोळायचं काम माझं. चोळता चोळता एकदा त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करतात?" मी म्हटलं, शेतकरी आहेत. "गाई किती?" मी सांगितलं की गाई नाहीत, बैल होते, जोडी. आणि दोन्ही हातांनी हवेत जू काढून दाखवलं. तो शब्द मला जर्मनमध्ये येत नव्हता. आजींचा चेहरा उजळला. "योख!" त्या म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरी गवताची गाडी गाईच ओढायच्या, आणि पुढे चालून गाय धरायचं काम त्यांच्याकडे होतं. मी त्यांना आमचा शब्द सांगितला, जू. योख आणि जू एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. संस्कृतातलं युग, लॅटिनमधलं इयुगुम, सगळी एकाच घरातली भावंडं. हे मी नंतर शोधून काढलं. त्या सकाळी मात्र एवढंच झालं की आम्ही दोघींनी ते दोन शब्द चार-पाच वेळा आलटूनपालटून म्हटले, आणि मी त्यांच्या खांद्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ हात ठेवला.

त्यांनीच मला फीशाइडबद्दल सांगितलं. आल्गॉयमध्ये जूनच्या सुमारास जनावरं, बहुतेक करून तरण्या कालवडी, डोंगरावरच्या कुरणांत पाठवतात. खाली दरीतलं गवत हिवाळ्यासाठी कापून वाळवायचं असतं, म्हणून उन्हाळ्याचे शंभरेक दिवस जनावरं वर. अनेक शेतकऱ्यांची जनावरं एका कळपात, गुराख्यांच्या हवाली. सप्टेंबरात सगळा कळप खाली उतरतो आणि गावाबाहेरच्या मैदानात ज्याची जनावरं त्यानं ओळखून वेगळी काढून घ्यायची. फीशाइड म्हणजे गुरांची ती वेगळी वाटणी. बाड हिंडेलांग गावात तो दिवस ११ सप्टेंबरला असतो.

२०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण आला होता. त्यामुळे पोळा लांबला, १४ सप्टेंबरवर गेला. असाच अधिक श्रावण २००४ सालीही आला होता. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि त्या सप्टेंबरातल्या पोळ्याला आजोबांचा तो सागाचा नंदी पहिल्यांदा ओढला होता. चंद्राच्या तिथी आणि सूर्याच्या तारखा एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात, तसंच हे जुळलं. फीशाइड आणि पोळ्यात तीनच दिवसांचं अंतर! मी रजेच्या कागदावर ११ तारीख लिहिली. कारण विचारलं तेव्हा "घरचा सण" म्हणाले.

सकाळी केम्पटनहून झोन्टहोफेनपर्यंत रेल्वे आणि तिथून बस. गावात पोचले तर माणसांची दाटी. रस्त्याच्या कडेला जागा मिळवून उभी राहिले. आधी काही दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. आपल्या घुंगरांसारखा नाही तो. रुंद कातडी पट्ट्यांना टांगलेल्या मोठमोठ्या घंटा, कालवडीच्या गळ्यात मावणार नाहीत एवढ्या, आणि त्यांचा खोल, जड नाद रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परतून येणारा. मग वळणावर पहिलं जनावर दिसलं. तपकिरी अंग, डोळ्यांभोवती फिकट कडा, आणि डोक्यावर फुलांचा, सूचिपर्णी डहाळ्यांचा, रंगीत फितींचा उंच मुकुट. त्या मुकुटात मधोमध एक लहान आरसा होता. शेजारच्या बाईंना विचारलं, आरसा कशाला? त्या म्हणाल्या, वाईट शक्ती परत फिरावी म्हणून. आमच्या हरण्याच्या झुलीवर आई दर वर्षी सुटलेले आरसे पुन्हा टाचून बसवते, दृष्ट लागू नये म्हणून. मला एकदम रडू आलं. त्या बाईंनी काही न विचारता पिशवीतून कागदी रुमाल काढून दिला.

कळपामागून कळप येत राहिले. त्यातला एक कळप वेगळा होता. घंटा होत्या, पण एकाही जनावराच्या डोक्यावर मुकुट नव्हता. पुढे चालणाऱ्या गुराख्याची नजर खाली होती. लोकांचा गलका जरा शमला. त्या उन्हाळ्यात वर डोंगरावर एखादं जनावर गेलं असलं, कड्यावरून घसरून किंवा वीज पडून, तर त्या कळपाला मुकुट घालत नाहीत.

२०१९ च्या जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या बोंड्यावर वीज पडली. धुऱ्यावरच्या बाभळीखाली बांधलेला होता. हरण्या चार कासरे दूर चरत होता म्हणून वाचला. त्या वर्षी पोळ्याला घरी सगळं काही तयार होतं. दादानं बेगड आणली होती, आईनं झूल धुतली होती. बाबांनी हरण्याला नाल्यावर नेऊन धुतलं, शिंगं तशीच ठेवली, साधा कासरा लावला आणि तोरणाखाली नेऊन रांगेच्या अगदी शेवटी उभं केलं. पोळा फुटल्यावर एकाच घरी नेलं, आमच्या. माणूस गेला तर सण अडतो ही आपल्याकडची रीत. बैल गेल्यावर अडवावा असा कुठला नियम मी ऐकलेला नाही. तो बाबांनी स्वतः केला. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. गावासमोर हरण्याला असा उघडाबोडका का नेला, जो गेला त्याच्यासाठी जो आहे त्याला का शिक्षा, असं मी भांडून बोलले होते. बाबा काहीच म्हणाले नव्हते.

बाड हिंडेलांगच्या रस्त्यावर तो मुकुट नसलेला कळप गेला तेव्हा एका म्हाताऱ्या माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. बाबांना मी चार वर्षांपूर्वी जे बोलले त्याची मला तिथे लाज वाटली. घरी फोन करून सांगावंसं वाटलं, पण तिकडे दुपारची कामाची वेळ होती.

फीशाइड हा तिथला पोळा, असं मात्र मी म्हणणार नाही. तो घरी परतण्याचा सण आहे. त्या जनावरांच्या मानेवर कधी जू चढलेलं नाही, आणि त्यांना कोणी जेवायला बोलावत नाही. बोलावून, पाय धुऊन, आधी त्यांना वाढून मग आपण बसायचं, हे आपलंच. पण मैदानात मी तासभर उभी राहिले ते त्यांच्या वाटणीसाठी. दोनशे-अडीचशे तपकिरी जनावरांतून शेतकरी आपापली कालवड कशी ओळखत होते कोण जाणे. कानातला बिल्ला नंतर पाहायचे, आधी नुसतं हाक मारून पुढे व्हायचे. शंभर दिवसांनी भेटलेलं जनावर मान वळवायचं. एक-एक करत मैदान रिकामं होत गेलं.

१३ तारखेची सकाळ. मला पहाटेची पाळी होती. आजींच्या खांद्याला मलम लावताना रोजच्यासारखीच मी त्यांच्या मागे उभी होते. खिडकीत अजून उजाडायचं होतं. मलम तळहातावर घेऊन आधी चोळून कोमट केलं आणि खांद्यावर ठेवून दाबलं. पुन्हा घेतलं, पुन्हा दाबलं. त्या खांद्यानं किती गवत वाहिलं असेल! मी हात पुसले आणि कोणी ऐकणार नाही अशा बेतानं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आजींनी ऐकलं. "काय म्हणालीस?" मी सांगितलं की उद्या आमचा सण आहे आणि मी तुम्हाला जेवायला बोलावलंय. सगळं नाही सांगितलं. आमच्याकडे हे कोणाला म्हणतात ते नाही सांगितलं. भाषा अपुरी होती हे एक, आणि बैलाच्या जागी आपल्याला बसवलं यातला मान त्यांना कळेल की अपमान वाटेल याची मला खात्री नव्हती. आता वाटतं, त्यांना नक्की कळला असता.

दुपारी साडेतीनला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता, दादाचा व्हिडिओ कॉल आला. फोन कोठ्यात होता. बोंड्या गेल्यावर बाबांनी दुसरा बैल घेतला नाही. एकट्या बैलाला काम नसतं. डवरणीला शेजाऱ्याची जोडी भाड्यानं येते. हरण्याला विकायचं बरेचदा घरात निघालं, पण बाबा त्या बोलण्यातून उठून जातात. चार वर्षं त्याच्या मानेवर जू चढलेलं नाही. त्याची खांद आता मऊ आहे, तिथे केससुद्धा पुन्हा आले आहेत. तरी बाबांच्या हातात पितळेची वाटी होती, पळसाचं पान होतं. कंदील माझ्या भाचीनं धरला होता, दादाच्या लेकीनं.

बाबांनी शेकलं, मागे सरले, हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल एकच, पण शब्द जोडीचेच. हरण्याच्या शेजारची रिकामी खुंटी कॅमेऱ्यात दिसत होती.

आई मागून म्हणाली, "तिलेही दे ना आवतन. फोनवर हाये थे."

बाबांनी फोनकडे पाहिलं. चष्मा घातला नव्हता, त्यांना मी नीट दिसले नसणार. "तिले कायले?" ते म्हणाले. "घरच्या माणसाले आवतन नसते." आणि वाटी आईच्या हातात देऊन हात धुवायला निघून गेले.

मी संध्याकाळभर स्वयंपाक केला. चण्याची डाळ घरात नव्हती, इथल्या दुकानात सोललेल्या पिवळ्या वाटाण्याची डाळ मिळते, ती शिजवली. तिचं पुरण जरा सैल होतं, जास्त आटवावं लागतं. गुळाच्या जागी उसाची तपकिरी साखर. जायफळ इथे बटाट्याच्या भाजीतसुद्धा घालतात, त्यामुळे ते सगळीकडे मिळतं. तुपाची तर आल्गॉयमध्ये वाणच नाही. दुधाचा मुलूख आहे, बुटरश्माल्झ म्हणून जे विकतात ते कढवलेलं लोणीच, रवाळ आणि सुवासिक. दहा पोळ्या झाल्या, तीन फुटल्या. उरलेल्या कणकेचे दोन बैल केले, डोळ्यांना मिरे लावले, मानेवर आइस्क्रीमच्या काडीचं जू ठेवलं. मग आठवलं आणि जू काढून टाकलं.

१४ तारखेला सकाळी वरिष्ठ नर्सला विचारून, आजींची साखर तपासून, मी त्यांच्या ताटलीत पाव पोळी वाढली, वर तूप. त्यांनी काट्यानं नाही, हातानं खाल्ली. अर्धी संपल्यावर उरलेली रुमालात गुंडाळायला सांगितली, दुपारच्या कॉफीबरोबर खायला. मी त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांची ताटली उचलून ठेवली आणि मग कपडे बदलायच्या खोलीत उभ्या उभ्या माझी पोळी खाल्ली.

पिठोरीला आईचं एक व्रत असतं. संध्याकाळी पूजा झाली की वाणाचं ताट ती डोक्यावर धरते, मुलं तिच्या पाठीशी बसतात. मागे न बघता ती विचारते, "अतीत कोण?" म्हणजे अतिथी कोण आला आहे. मुलानं म्हणायचं, मी. मग ती ताट तसंच मागे देते. दादा आणि मी ते ताट आधी कोण धरतो यावरून लहानपणी ढकलाढकली करायचो.

साडेतीनला मी बस थांब्यावर होते. फोन आला तेव्हा आई पाठमोरी बसलेली दिसत होती. फोन पाटावर कशाला तरी टेकवून ठेवलेला, शेजारी दादा. ताट तिच्या डोक्यावर. हात जरासे थरथरत होते, वय झालंय आता.

"अतीत कोण?"

"मी," दादा म्हणाला.

"अतीत कोण?"

"मी," मी म्हणाले. गावाकडची रेंज तुटक, आवाज पोचला नाही. आईनं मान वळवली नाही, वळवायची नसते. ताट तसंच वर धरून तिनं पुन्हा विचारलं. समोर बस येऊन थांबली, दार उघडलं. थांब्यावरची माणसं चढायला लागली.

"मी!" मी ओरडून म्हणाले. दोन-तीन जणांनी वळून पाहिलं. ड्रायव्हर माझ्यासाठी थांबला होता. फोनमध्ये भाचीचा आवाज आला, "आजी, आत्या बोलली नं!" आणि आईनं ताट मागे केलं.